जिन्यावरची खुर्ची : बयाणा देण्याआधी जिना मोजा

घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे गेले की वरचा मजला त्यांच्यासाठी हळूहळू कैदखाना बनतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा गावांत खाली दुकान, गोदाम किंवा माग आणि वर राहण्याची जागा अशी घरे पुष्कळ आहेत. जिना उतरता येत नाही म्हणून आई-वडील महिनोन् महिने वरच राहतात. डॉक्टरांकडे न्यायचे झाले तर दोन मुले त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून खाली आणतात. त्यात एकाचा पाय घसरला तर तिघेही कोसळणार.

या अडचणीवर स्टेअरलिफ्ट नावाचे यंत्र मिळते. जिन्याच्या कडेने एक रूळ बसवतात आणि त्यावरून बॅटरीवर चालणारी खुर्ची वर-खाली जाते. कल्पना जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात असे यंत्र बनवून विकण्यास सुरुवात झाली. पुढे ते ब्रिटनमध्ये फार पसरले, कारण तेथील सर्वसाधारण घर दुमजली, झोपण्याच्या खोल्या वर आणि जिना बहुधा लाकडी व सरळ. आपल्याकडे मुंबई-पुण्यातील विक्रेते हे यंत्र पुरवतात. माहितीपत्रकावर चित्र मात्र त्याच गालिचा घातलेल्या विलायती जिन्याचे असते. आपला जिना तसा नसतो आणि व्यवहारातील बहुतेक घोटाळे येथूनच सुरू होतात.

आमचा तजुर्बा

आमचे घरही असेच, खाली कापडाचे गोदाम आणि वर घर. वालिदांना जिना बंद झाला तेव्हा मी फोनवर चौकशी केली. समोरच्याने विचारले, जिना सरळ आहे का? मी म्हणालो, सरळ आहे. रुंदी किती? मी खालच्या पायरीवर टेप धरला आणि ३० इंच सांगितले. बयाणा पाठवला. काही आठवड्यांनी माणूस आला. त्याने नवव्या पायरीजवळ टेप लावला तेव्हा कळले की तेथे आर.सी.सी.चा खांब भिंतीबाहेर ४ इंच आला आहे. तेथे उरले २६ इंच. त्यांच्याकडची खुर्ची त्यातून जाणार नव्हती. बयाणा परत मिळणार नाही, असे पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले होते. ते मी वाचलेच नव्हते.

त्यांनी आधी येऊन पाहायला हवे होते हे खरे. पण ज्याची हयात कापड मोजण्यात गेली, त्याने घरचा जिना एकाच ठिकाणी मोजावा, ही चूक माझीच. वाचकांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख. एक टेप, एक लांब सुतळी आणि एक कागद एवढ्यावर बरीचशी तपासणी घरच्या घरी होते. अंतिम माप विक्रेत्याच्या माणसानेच घ्यायचे, पण तो येण्याआधी आपला हिशेब तयार असावा.

पहिली गोष्ट : जिना सरळ की वळणाचा

किमतीचा सर्वांत मोठा फरक येथे पडतो. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत कोठेही वळण नसेल तर सरळ रूळ चालतो. तो तयार मिळतो आणि जिन्याच्या लांबीप्रमाणे कापून बसवतात. वळण असेल तर त्या एकाच जिन्याचे माप घेऊन रूळ कारखान्यात वाकवून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि किंमत सरळ रुळाच्या यंत्राच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकते. शिवाय तो रूळ दुसऱ्या कोणत्याही जिन्याला बसत नाही. म्हणून विकायला काढल्यास त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. शिवलेली शेरवानी आणि थानातले कापड यांत जो फरक, तोच येथे समजावा.

आपल्याकडील बंगल्यांत आणि नव्या घरांत जिना बहुधा मधल्या चौकापर्यंत जाऊन उलट दिशेने वळतो. म्हणजे माहितीपत्रकावरील सरळ जिन्याची किंमत आपल्याला लागू नाही. अशा जिन्याला दुसरा मार्ग आहे : खालच्या टप्प्याला एक आणि वरच्या टप्प्याला एक अशा दोन सरळ खुर्च्या. काही वेळा हा मार्ग वळणाच्या एका यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. पण त्यात माणसाला मधल्या चौकात एका खुर्चीतून उठून दुसरीत बसावे लागते. ज्याला आधाराशिवाय उभे राहता येत नाही त्याच्यासाठी हा मार्ग नाही. चौकही तेवढा मोठा हवा.

वळणावर चौकाऐवजी तिकोनी पायऱ्या असतील तर तेही वळणच धरावे, मग बाकीचा जिना सरळ का असेना. मध्ये लोखंडी खांब असलेला गोल चक्री जिना सर्वांत अवघड. त्याच्या बाबतीत जागेवर पाहणी झाल्याशिवाय कोणी होकार दिला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट : रुंदी, प्रत्येक पायरीवर

रुंदी म्हणजे एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा कठड्यापर्यंतची मोकळी जागा. ती प्रत्येक पायरीवर मोजून कागदावर लिहावी आणि सर्वांत कमी आलेला आकडा धरावा. खांब, पाण्याचा पाइप, विजेच्या मीटरची पेटी, खिडकीची बाहेर आलेली जाळी, इन्व्हर्टरचा कट्टा, यांपैकी काहीही रुंदी खाते. हलवता येण्यासारखे काय आणि न येण्यासारखे काय, हे वेगळे लिहावे. कठडा एका बाजूने काढता येतो, खांब काढता येत नाही.

सर्वसाधारण खुर्चीला २८ ते ३० इंच जागा लागते. अरुंद जिन्यासाठी याहून कमी जागेत चालणारी मॉडेल्सही आहेत. पण यंत्राची रुंदी पाहून भागत नाही, बसणाऱ्याचे गुडघेही पाहावे लागतात. या खुर्चीत माणूस जिन्याला आडवा बसतो. पाठ एका भिंतीकडे, गुडघे दुसऱ्या भिंतीकडे. म्हणून ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची त्यांना स्टुलावर भिंतीला पाठ टेकवून बसवावे आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. हे माप सुमारे २२ ते २४ इंच येते. त्यात खुर्चीच्या पाठीचे व रुळाचे काही इंच मिळवावेत आणि समोरच्या भिंतीपासून थोडी मोकळी जागा सोडावी. बेरीज जिन्याच्या रुंदीत बसली नाही तर गुडघे घासणार. दुखऱ्या गुडघ्यांसाठी घेतलेल्या खुर्चीत तेच गुडघे भिंतीला घासले तर काय उपयोग?

ज्यांचा गुडघा वाकतच नाही त्यांच्यासाठी उंच, टेकून उभे राहिल्यासारखी बैठक असलेले मॉडेल निघते. ते जागाही कमी घेते. मात्र त्यात तोल सांभाळता यायला हवा आणि डोक्यावर जास्त उंची मोकळी हवी.

तिसरी गोष्ट : चढ आणि लांबी

पायरीची उंची आणि पाय ठेवण्याच्या जागेची खोली मोजली की चढाचा कोन निघतो. उंची ७ इंच व खोली १० इंच असेल तर कोन सुमारे ३५ अंश. साडेसात व ९ इंच असेल तर सुमारे ४० अंश. ८ व ८ असेल तर ४५ अंश. ९ व ८ असेल तर ४८ अंशांच्या वर. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घराच्या जिन्यात पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि खोली कमीत कमी २५० मिलिमीटर असावी. त्याचा कोन सुमारे ३७ अंश येतो आणि तो बहुतेक यंत्रांना मानवतो. पण जागा वाचवण्यासाठी गवंड्याने उभा बांधलेला जुना जिना ४५ अंशांपलीकडे जातो. तेथे मॉडेलची कमाल मर्यादा किती अंश, हे लेखी विचारून घ्यावे.

लांबीसाठी सुतळी वापरावी. वरच्या मजल्याच्या कडेपासून खालच्या पायरीपर्यंत पायऱ्यांच्या टोकांवरून सुतळी ताणून धरावी. सगळ्या पायऱ्यांची टोके सुतळीला लागली तर जिना एकसारखा आहे. एखादी पायरी खाली राहिली किंवा वर आली तर तिचा क्रमांक लिहून ठेवावा. फरशी नव्याने बसवली असेल तर पहिली पायरी बहुधा ठेंगणी झालेली असते. रुळाच्या पायांत थोडेफार जुळवून घेता येते, पण कारागिराला आधी माहीत असलेले बरे.

एक हिशेब पाहू. साडेसात इंच उंच व ९ इंच खोल अशा १५ पायऱ्या असतील तर तिरपी लांबी सुमारे १४ फूट ८ इंच येते. रूळ खाली शेवटच्या पायरीच्या पुढे जमिनीवर आणखी फूटभर येतो आणि वरही थोडा पुढे जातो. म्हणजे रूळ १६ फुटांच्या आसपास. या यंत्रांसाठी युरोपात ईएन ८१-४० हे मानक आहे. त्यात वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ०.१५ मीटर, म्हणजे सुमारे ६ इंच आहे. त्यामुळे असा जिना चढायला अर्धे ते पाऊण मिनिट लागते. घाईच्या माणसाला हे संथ वाटेल. सत्तरीच्या माणसाला हाच वेग सोयीचा.

चौथी गोष्ट : दोन्ही टोके आणि डोके

जिना मधून चांगला असला तरी टोकांशी अडतो. खालच्या पायरीसमोर लगेच दार असेल तर जमिनीवर आलेला रूळ दाराला किंवा जाण्या-येण्याला अडवतो. यावर बिजागरीने दुमडणारा रूळ मिळतो. त्याची किंमत वेगळी पडते.

वरच्या टोकाला उतरण्याची जागा पाहावी. वर पोहोचल्यावर बैठक फिरते आणि माणूस जिन्याकडे पाठ करून मजल्यावर पाय ठेवतो. तेथे अडीच-तीन फूट मोकळी जागा नसेल, दार जिन्याकडे उघडत असेल किंवा उंबरा असेल तर उतरणे धोक्याचे. बैठक न फिरवता थेट पायरीवर उतरावे लागेल अशी रचना मुळीच मान्य करू नये. वॉकर वापरणाऱ्यांसाठी एक वॉकर वर आणि एक खाली ठेवावा लागतो, त्याचीही जागा धरावी.

डोक्याचे माप लोक विसरतात. बसलेल्या माणसाचे डोके पायरीपासून पाच फुटांच्या आसपास असते. वरच्या स्लॅबची कड किंवा तुळई जिन्यावर कोठे खाली येते ते पाहावे आणि तेथे पायरीच्या टोकापासून सरळ वर माप घ्यावे. जुन्या घरांत जिना झडपेतून माडीवर निघतो. तेथे हे माप सर्वांत आधी घ्यावे.

पाचवी गोष्ट : पायऱ्यांचा दम

पुष्कळांना वाटते की यंत्र भिंतीवर बसते. वस्तुतः रुळाचे पाय पायऱ्यांवर बोल्टने बसवतात आणि भार पायऱ्यांवर येतो. म्हणून भिंत अर्ध्या विटेची असली तरी चालते, पायरी मात्र मजबूत हवी. आर.सी.सी. जिना उत्तम. त्यावर कडप्पा, शहाबादी किंवा संगमरवर असेल तर प्रत्येक लादी नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर लादी खालून सुटलेली आहे आणि छिद्र पाडताना ती फुटू शकते. फुटलेली लादी कोणी बदलून द्यायची, हे आधी ठरवावे. लाकडी जिन्यात वाळवी लागली आहे का आणि पाट्या हलतात का, ते पाहावे. पातळ पत्र्याचा लोखंडी जिना असेल तर वेल्डिंग करणाऱ्याकडून आधी मजबुती करून घ्यावी लागेल.

कोकणात आणि जुन्या वस्त्यांत जिना घराबाहेर असतो. बाहेरच्या जिन्यासाठी पाणी सोसणारी वेगळी मॉडेल्स आणि झाकणे असतात. घरातले यंत्र बाहेर बसवले तर आपला पावसाळा ते खराब करील.

सहावी गोष्ट : वीज

ही यंत्रे घरच्या २३० व्होल्टच्या साध्या पॉइंटवर चार्ज होतात आणि चालतात बॅटरीवर. त्यामुळे वीज गेली तरी खुर्ची मध्ये अडकत नाही, काही फेऱ्या होतात. किती फेऱ्या, हे विचारावे. ज्या गावांत तासन् तास वीज जाते तेथे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बऱ्याच मॉडेल्समध्ये चार्जिंग फक्त रुळाच्या टोकांना होते. खुर्ची मध्येच उभी ठेवली तर बॅटरी उतरते, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे. पॉइंट कोणत्या टोकाला हवा ते विचारून वायरमनकडून अर्थिंगसह आधी बसवून घ्यावा. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. तो खर्च आजच हिशेबात धरावा.

बसणारा माणूस आणि बाकीचे घर

जिना जुळला तरी माणूस जुळतो का, हे पाहावे. त्याला खुर्चीत बसता-उठता येते का, पाऊण मिनिट सरळ बसता येते का, पट्टा लावता येतो का, बटण दाबून धरता येते का? बहुतेक मॉडेल्सची वजनाची मर्यादा १२० ते १६० किलोच्या दरम्यान असते. आपल्या मॉडेलची मर्यादा बसणाऱ्याच्या वजनाशी ताडून पाहावी. ज्यांना विसरभोळेपणाचा आजार आहे आणि जे मध्येच उठण्याचा प्रयत्न करतील त्यांना एकटे बसवणे योग्य नाही. या सर्वांबाबत त्यांच्या डॉक्टरांचे किंवा फिजिओथेरपिस्टचे मत घ्यावे. स्वतः त्या वडीलधाऱ्यांनाही विचारावे. त्यांना खुर्चीची भीती वाटत असेल तर यंत्र पडून राहील.

दुमडलेली खुर्चीसुद्धा भिंतीपासून १२ ते १६ इंच जागा अडवते. ३६ इंचांच्या जिन्यात बाकीच्यांसाठी २० ते २४ इंच उरतात. ज्या घरात याच जिन्याने मालाच्या गाठी वर जातात त्यांनी याचा विचार करावा. अडीअडचणीला स्ट्रेचर उतरेल का, हेही पाहावे.

चाळीत किंवा सोसायटीत सामाईक जिना असेल तर प्रश्न वेगळा. तो जिना सर्वांचा आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग. तेथे सोसायटीच्या किंवा मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काही करता येत नाही. जिना अरुंद असेल तर परवानगी मिळणार नाही आणि मागूही नये.

व्यवहाराच्या गोष्टी

बयाणा देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात.

१. विक्रेत्याचा माणूस जागेवर येऊन माप घेईल आणि मापाच्या नकाशावर सही करील.

२. पाहणीत जिना अयोग्य ठरला तर बयाणा परत मिळेल. पाहणीची फी असल्यास ती किती, हे वेगळे लिहावे.

३. किमतीत जीएसटी, वाहतूक, बसवणी, दुमडणारा रूळ आणि बाहेरून बोलावण्याचे बटण धरले आहे की नाही.

४. जवळचा मेकॅनिक कोणत्या गावात बसतो आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत येईल.

५. पट्टा, अडथळा लागताच थांबणारी पायपट्टी आणि वेग वाढल्यास आपोआप अडवणारी यंत्रणा आहे का, आणि यंत्र कोणत्या मानकाप्रमाणे बनले आहे.

६. यंत्र काढावे लागल्यास ते परत घेणार का, किती किमतीला, आणि पायऱ्यांची छिद्रे कोण बुजवणार.

पावतीची मागील बाजू वाचावी. कागद नीट असतील तर तक्रारीच्या वेळी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तोंडी वचन तेथे सिद्ध करणे अवघड.

जुन्या मालाबद्दल एक सूचना. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले नातेवाईक वापरलेली खुर्ची स्वस्तात मिळते म्हणून पाठवू पाहतात. वळणाचा रूळ असेल तर तो येथे निरुपयोगी. सरळ रूळ कापून आखूड करता येतो, पण खुर्ची डाव्या बाजूची की उजव्या, चढाचा कोन जुळतो का, रूळ पुरतो का आणि येथे सुटे भाग कोण देणार, हे ठरल्याशिवाय भाडे-जकातीचा खर्च करू नये.

जिना नाहीच जुळला तर

तपासणीत उत्तर नाही असे आले तर निराश होऊ नये. घरात चार-पाच फूट चौरस जागा निघत असेल आणि स्लॅब कापता येत असेल तर इंजिनीअरला दाखवून छोट्या घरगुती लिफ्टचा विचार करता येतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी तोच मार्ग जास्त योग्य. खर्च अर्थात मोठा.

आणखी एक साधा उपाय आहे, तो म्हणजे माणसाची खोलीच खाली आणणे. बयाणा गेल्यावर आम्ही तेच केले. गोदामाच्या मागील भागात दहा बाय अकराची जागा भिंत घालून वेगळी काढली. तेथे कमोड असलेले न्हाणीघर बांधले, रस्त्याच्या बाजूला खिडकी पाडली. माल ठेवायची जागा कमी झाली, भावांमध्ये थोडी कुरबूरही झाली. पण दोन वर्षे वरच्या खिडकीतून गल्ली पाहणाऱ्या वालिदा आता सकाळी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि गाठी मोजणाऱ्या पोरांच्या चुका काढतात. हे आधी सुचले असते तर बयाणाही वाचला असता आणि त्यांची दोन वर्षेही.

म्हणून आज घरी गेल्यावर टेप काढा आणि सगळ्या पायऱ्या मोजा. जिना जुळत असेल तर खुर्ची घ्या, ती चांगली सोय आहे. जुळत नसेल तर दुसरा मार्ग लगेच धरा. निर्णय लांबला तर वर बसलेल्या माणसाचे दिवस जातात.